पंडिता रमाबाई आणि देववचनाचे भाषांतर

पंडिता रमाबाई यांचे नाव ज्याच्या कानी पडले नाही, असा ख्रिस्ती मनुष्य महाराष्ट्रात विरळा. अनाथांची व विधवांची माय म्हणून सर्व त्यांस ओळखतात; परंतु त्यांच्या एका कामाचे स्मरण आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत फारसे होत नाही. ते काम भाषांतराचे होय.

बाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून घरच्या स्त्रियांस संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात आईबाप गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२ साली पुण्यास हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाविषयी मराठीत साक्ष दिली व तिचे इंग्रजी भाषांतर झाले. १८८३ साली विलायतेत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेस त्यांनी हिंदु विधवांचे दुःख इंग्रजीत कळविले, आणि परत आल्यावर तेथील लोकस्थिति मराठीत लिहून आपल्या लोकांस कळविली. दोन देशांमध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यास खरेपणाने सांगणे, हे त्यांचे जन्माचेच काम झाले.

केडगावी मुक्तिसदनात दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली व स्त्रिया आल्या. चालू मराठी शास्त्रातील पुष्कळ शब्द संस्कृत व कठीण आहेत, आणि त्यांपैकी काहींस जुन्या मतांचा अर्थ चिकटलेला आहे, असे बाईंस दिसले. ज्यांच्या विद्वत्तेस पंडितांनी मान दिला, त्याच बाईंनी आपली विद्वत्ता बाजूस ठेवून अशिक्षित बाईस समजेल अशी भाषा धरली. मात्र भाषा सोपी केली तरी अर्थ सैल होऊ दिला नाही. त्यासाठी उतारवयात इब्री व ग्रीक यांचा कसून अभ्यास करून मूळ ग्रंथांवरून त्यांनी भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच खिळे जुळविले. नवा करार आधी निघाला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी बाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

हे भाषांतर सर्व मंडळ्यांत चालू झाले नाही. उपासनेत बहुधा बायबल सोसायटीचेच वाचले जाते. म्हणून बाईंचे श्रम व्यर्थ गेले काय? आम्हास तसे वाटत नाही. चंदनसारासारख्या गावी घरची बोली एक व पुस्तकाची भाषा दुसरी असते. तेथे शास्त्र वाचून त्याचा अर्थ सांगणारा प्रत्येक उपदेशक भाषांतरकारच आहे. जो आपणास न समजलेला कठीण शब्द तसाच पुढे लोटतो, तो ऐकणाऱ्यास उपाशी ठेवितो. आणि जो सोपे करण्याच्या नादात आपल्या पदरचे घालितो, तो धन्याचा निरोप बदलितो. या दोन्ही दोषांपासून दूर राहण्यास अभ्यास पाहिजे, नम्रता पाहिजे आणि प्रार्थना पाहिजे.

बंधूंनो, येत्या रविवारी धडा वाचण्यापूर्वी घरातील सर्वांत कमी शिकलेल्या माउलीस तो आधी सांगून पाहा. तिला कळला, तर मंडळीस कळेल. प्रभु आम्हा सर्वांस विश्वासू निरोपे करो.