रयतमाउली कै. सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील : अल्प चरित्र

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात सापडणे कठीण. त्यांची तसबीर अनेकांच्या दिवाणखान्यात आहे, आणि त्यांच्या शाळांत शिकून मार्गाला लागलेले आप्त तर बहुतेकांच्या गणगोतात आहेत. परंतु ज्या माउलीच्या अंगावरील सोने मोडून त्या कार्याचा पहिला शिधा भरला गेला, तिचे चरित्र कर्मवीरांच्या चरित्रातील एखाद्या परिच्छेदातच बहुधा आटोपले जाते. ही उणीव यथाशक्ति भरून काढावी, या हेतूने आम्ही हा अल्पसा प्रयत्न करीत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म कुंभोज येथील एका सधन पाटील घराण्यात झाला. हातकणंगले तालुक्यातील हे गाव आपल्या समाजास बाहुबलीच्या डोंगरामुळे सुपरिचित आहे. भाऊरावांचा जन्मही कुंभोजचाच, २२ सप्टेंबर १८८७ चा. त्यांचे मूळ गाव मात्र वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. लक्ष्मीबाईंचे माहेर धर्मपरायण होते. देवदर्शन, व्रतवैकल्ये, सोवळेओवळे यांच्या चाकोरीत त्या वाढल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लेकीला सासरी पाठविताना माहेरच्यांनी तिच्या अंगावर भरपूर सोने घातले.

त्या सोन्याचा अर्थ आजच्या तरुण वाचकांस थोडा उलगडून सांगितला पाहिजे. दक्षिण महाराष्ट्रातील खात्यापित्या घरच्या सुनेच्या अंगावरील पाटल्या, बिलवर, तोडे, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज हे केवळ शोभेसाठी नसत. शेतजमीन पुरुषांच्या नावे, घर पुरुषांच्या नावे. स्त्रीच्या हक्काचे असे काय ते हे स्त्रीधनच. पेढ्या व बँका स्त्रियांच्या वाट्याला आल्या नव्हत्या, विम्याचे नाव खेड्यात कोणी घेत नसे. दुष्काळ, आजारपण किंवा वैधव्य ओढवले तर आधार होता तो या सोन्याचाच. म्हणून ते मोडणे म्हणजे आपल्या भावी काळाची तजवीक आपल्याच हाताने मोडणे होय. शिवाय मोडीत सोने घालताना घडणावळ बुडते, सोनार कस लावून घट धरतो, आणि माहेरच्यांनी हौसेने घडविलेला नग क्षणात नुसता वजनाचा आकडा होऊन बसतो.

भाऊरावांचा संसार प्रारंभापासूनच चारचौघांसारखा नव्हता. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात विद्यार्थी असताना, अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यापायी त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. ही गोष्ट आपल्याच समाजाच्या संस्थेत घडली, हे येथे न लपविता नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्याचे नाकारल्यामुळे त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला. घरी तरुण पत्नीने हा काळ कसा काढला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यानंतर भाऊरावांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत आणि ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी हिंडत गावोगाव पायाखाली घातला. या भ्रमंतीत त्यांना रयतेचे अज्ञान जवळून दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू झाले. सातारचे उद्योगपति धनजीशा कूपर यांच्याशी असलेला व्यवहारी संबंध तुटला होता. दरमहाची ठराविक प्राप्ति थांबली होती. घरात पैसा नाही आणि पंक्तीला जेवणारी तोंडे मात्र दिवसेंदिवस वाढत आहेत, अशी स्थिति उत्पन्न झाली.

येथून लक्ष्मीबाईंच्या जीवनाचे खरे पर्व सुरू होते. सोवळ्यात वाढलेल्या या स्त्रीच्या स्वयंपाकघरात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका पंक्तीस बसू लागली. लहानपणापासून अंगी भिनलेले संस्कार एका रात्रीत गळून पडत नसतात. ज्या आचाराला आजवर धर्म मानले तो बाजूस सारावयास अंतःकरणातच झगडा करावा लागतो. तो झगडा लक्ष्मीबाईंनी केला, आणि मग मात्र मागे पाहिले नाही. त्या मुलांसाठी भाकऱ्या थापीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, आईवेगळ्या पोरांची न्हाणीधुणी करीत.

भाऊराव वर्गणी व धान्य मागावयास बाहेरगावी जात. ते परत येईपर्यंत बोर्डिंगाचा गाडा ओढण्याची जबाबदारी घरातील बाईवर पडे. कोठीतील धान्य संपले की दुकानदाराची उधारी, उधारी थकली की सोनाराची पेढी, हाच क्रम ठरून गेला. त्या वेळी सोन्याचा भाव तोळ्यास सुमारे २० रुपये होता. म्हणजे एखादा नग मोडला तरी मोठ्या पंक्तीच्या दृष्टीने ती थोड्या दिवसांचीच बेगमी ठरे. अशा रीतीने एकामागून एक अलंकार गेले. अखेरीस एक दिवस असा उगवला की भाऊराव घरी नाहीत, कोठीत दाणा नाही आणि मोडण्याजोगे काही उरलेले नाही. उरले होते ते गळ्यातील मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी तेही उतरविले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली.

पति हयात असता मंगळसूत्र गळ्यातून काढणे हे त्या काळच्या स्त्रीच्या मनाला किती जड जात असेल, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सांगणे नलगे. लोक काय म्हणतील ही भीति होती. त्याहून मोठी भीति अपशकुनाची होती. परंतु एका बाजूस ती भीति आणि दुसऱ्या बाजूस उपाशी पोरे अशी निवड समोर येताच त्या माउलीने पोरांची बाजू घेतली.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगाचा श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असा नामकरण समारंभ झाला. देशाचे लक्ष तिकडे वेधले. तथापि घरची ओढाताण संपली नाही. कष्टांनी लक्ष्मीबाईंची प्रकृति खालावत गेली आणि १९३० साली, ऐन उमेदीत, त्यांचा अंत झाला. संस्थेचे वैभव पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३२ चे पुण्याचे युनियन बोर्डिंग, १९४० चे साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ चे छत्रपति शिवाजी कॉलेज हे सारे त्यांच्या पश्चात उभे राहिले. भाऊरावांना १९५९ साली पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट्. मिळाली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. आज संस्थेची ४० हून अधिक महाविद्यालये व ४०० हून अधिक माध्यमिक विद्यालये आहेत. सोलापूरचे महिला महाविद्यालय लक्ष्मीबाईंच्या नावाने चालते.

आपल्या धर्मात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. लक्ष्मीबाईंनी कोणत्याही मंदिराच्या शिलालेखावर नाव कोरविले नाही. परंतु भुकेल्यास आहार, आजाऱ्यास औषध, अडाण्यास विद्या व झिडकारलेल्यास अभय हे चारही त्यांच्या हातून एकाच छपराखाली घडले. अपरिग्रहाची व्याख्या आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकतो. ती आचरणात आणली म्हणजे कशी दिसते, हे पाहावयाचे असेल तर या चरित्राकडे पाहावे.

आपल्या वाघोलीस वसतिगृहाचे मोल निराळे सांगावयास नको. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणण्याचे कार्य भारतीय जैन संघटनेने केले, आणि त्याचे केंद्र पुढे वाघोली हेच झाले. वाघेश्वराचे हे जुने गाव २०२१ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांतून नोकरीनिमित्त आलेली आपली अनेक कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. घरकर्जाचे हप्ते, मुलांच्या फिया, अकस्मात गेलेली नोकरी यांपायी सोने मोडण्याचा प्रसंग आजही येतो. तो येतो तेव्हा कुटुंबे तोंड लपवून दूरच्या पेढीवर जातात, आणि लग्नकार्यात रित्या गळ्याकडे पाहून आपल्यातच कुजबूज होते. ज्या समाजाने लक्ष्मीबाईंच्या रित्या गळ्यास वंदन करावयाचे, त्याने शेजारणीच्या रित्या गळ्याकडे बोट दाखवावे, हे शोभत नाही.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लक्ष्मीबाईंनी आपले स्त्रीधन स्वेच्छेने दिले. म्हणूनच ते त्यागाचे झाले. त्यांचे उदाहरण पुढे करून कोणी घरातील सुनेकडे तिच्या सोन्याची मागणी करील, तर तो त्या माउलीचा अवमान होय. तिचे सोने तिचे आहे; देणे वा राखणे तिच्या मर्जीवर आहे. आणि एका स्त्रीवर मंगळसूत्र मोडण्याची पाळी आली, यात तिच्या थोरवीइतकीच त्या काळच्या समाजाची कमतरताही दिसते. साताऱ्यातील व आपल्यातील धनिकांनी वेळीच मूठभर धान्य अधिक दिले असते, तर तो दिवस उगवलाच नसता.

यास्तव आमची सभासद कुटुंबांस नम्र सूचना आहे की, लग्नसमारंभातील दागिन्यांच्या हौसेतून प्रत्येकाने थोडे बाजूस काढावे, आणि त्यातून मंडळाने गरजू विद्यार्थ्यांसाठी व अडचणीतील कुटुंबांसाठी बिनव्याजी साह्यनिधि उभारावा. त्या निधीचे दार केवळ आपल्या जातीपुरते असू नये. कारण जिच्या स्मरणाने तो उभारावयाचा, तिने ताट वाढताना कोणाची जात विचारली नव्हती. असे झाले तर रयतमाउलीचे ऋण अंशतः तरी फिटेल. त्यांच्या पुण्यस्मृतीस आमचे त्रिवार वंदन असो.