मेरी रिचमंड : जीवन आणि कार्य



हेलन केलर आणि तिच्या बाई अ‍ॅन सुलिव्हन यांची गोष्ट आपण वर्गात सांगतोच. पण समाजकार्यावरच्या एका गाजलेल्या पुस्तकात पहिलं उदाहरण याच दोघींचं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? १९२२ साली आलेलं हे पुस्तक म्हणजे 'व्हॉट इज सोशल केस वर्क?'. त्याच्या लेखिका मेरी एलन रिचमंड. आज त्यांच्याविषयी थोडंसं.

मेरींचा जन्म ५ ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिल इथे झाला. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. बाल्टिमोरला आजी आणि मावश्यांनी त्यांना वाढवलं. आजी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेणारी, घरात सतत चर्चा चालायच्या. शाळेच्या पद्धतीवर मात आजीचा विश्वास नव्हता, म्हणून अकरा वर्षांच्या होईपर्यंत मेरी घरीच वाचून शिकल्या. (आपल्याला हे वाचून जरा टोचेल, पण ते असो!) १८७८ मध्ये हायस्कूल संपलं आणि कॉलेज मात्र कधीच झालं नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रकाशन संस्थेत नोकरी केली, तब्येत बिघडली, मग परत बाल्टिमोरला येऊन हिशेब लिहिण्याचं काम केलं.

१८८९ मध्ये त्या बाल्टिमोरच्या 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी'त लागल्या, तेही हिशेबाच्याच कामावर. दोनच वर्षांत त्या तिथल्या मुख्य सचिव झाल्या. ज्या खुर्चीवर विद्यापीठात शिकलेले पुरुष बसत, तिथे ही हायस्कूल शिकलेली तरुणी बसली.

गरिबांच्या घरी स्वयंसेवक पाठवून मदत करणं हे या संस्थेचं काम. मेरी स्वतःही घरोघरी जात. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. येणाऱ्या माणसांचं मन चांगलं असतं, पण घरात पाय ठेवण्याआधीच त्यांचं मत तयार असतं. हा आळशी, तो दारुडा, ही बाई निष्काळजी. चांगुलपणा पुरत नाही, हे काम शिकावं लागतं, असं त्यांना वाटू लागलं. १८९७ मध्ये टोरांटोच्या परिषदेत त्यांनी यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण शाळा हवी अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाला. आज कोलंबिया विद्यापीठाचं समाजकार्य विद्यालय आहे, त्याचं मूळ या वर्गात आहे.

पुढे १९०० पासून फिलाडेल्फिया आणि १९०९ पासून न्यूयॉर्कचं रसेल सेज फाउंडेशन. इथे असताना १९१७ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला, 'सोशल डायग्नोसिस'. डायग्नोसिस म्हणजे निदान, शब्द डॉक्टरांचा. औषध देण्याआधी निदान लागतं, मग मदतीआधी का नको? स्वतः पाहिलेलं काय, कुणी सांगितलेलं काय आणि आपण बांधलेला अंदाज कोणता, हे वेगवेगळं ठेवायला हे पुस्तक शिकवतं. नातेवाईक, डॉक्टर, मालक, शेजारी यांच्याकडून माहिती कशी घ्यायची तेही सांगतं. त्यात शाळेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, बरं का!

आता आपल्या वर्गात या. एखादा मुलगा सोमवारी सोमवारी गैरहजर असतो. हजेरीपुस्तकात दिसते ती फक्त गैरहजेरी. अभ्यासात लक्ष नाही हे शेजारच्या मुलाने सांगितलेलं, आणि पालक बेफिकीर आहेत हा आपला अंदाज. पण प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना आपण तिन्ही एकत्र करतो. सोमवार बाजाराचा दिवस असेल आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी दुसरं कुणी नसेल, हे घरभेटीशिवाय कळत नाही.

अ‍ॅन सुलिव्हनचं उदाहरण इथे बरोबर बसतं. हेलनला शिकवण्याआधी त्यांनी तिला घरच्यांपासून बाजूला, बागेतल्या छोट्या घरात काही दिवस नेलं, कारण लाडामुळे ती कुणाचं ऐकतच नव्हती. मूल आणि त्याच्या भोवतालची माणसं, दोन्हीकडे लक्ष द्यायचं. मेरींच्या मते केसवर्क म्हणजे हेच.

त्यांचं सगळंच पटतं असं नाही. विधवा मातांना सरकारी निवृत्तिवेतन द्यावं अशी चळवळ तेव्हा अमेरिकेत जोरात होती. मेरींनी तिला विरोध केला. नुसते पैसे हातात पडतील आणि प्रत्येक घराकडे लक्ष द्यायचं राहून जाईल, ही त्यांची भीती. पण चूल पेटायला आधी पैसे लागतात हो! इथे मला त्यांचे विरोधक जास्त बरोबर वाटतात.

बालविवाह म्हटलं की आपल्याला आपलाच देश आठवतो. पण मेरींनी १९२५ मध्ये फ्रेड हॉल यांच्यासोबत अमेरिकेतल्याच बालविवाहांवर पुस्तक लिहिलं. तेव्हा तिथल्या काही राज्यांत मुलीच्या लग्नाचं किमान वय १२ होतं. त्याच विषयाला जोडून आलेलं 'मॅरेज अँड द स्टेट' १९२९ मध्ये निघालं, आपल्याकडे शारदा कायदा झाला त्याच वर्षी. ते पाहायला मेरी नव्हत्या. १२ सप्टेंबर १९२८ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं.

१९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली. पहिले संचालक अमेरिकेहून आलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात केसवर्क हा विषय आजही असतो. तुमच्या शाळेत एखादी एमएसडब्ल्यू झालेली ताई येत असेल, तर तिची घरभेटीची वही एकदा मागून बघा.