कार्थेजचा बिशप सिप्रियन

आज ज्या प्रदेशास ट्युनिशिया म्हणतात, तेथे भूमध्य समुद्राच्या काठी प्राचीन काळी कार्थेज नावाचे वैभवशाली नगर होते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ते रोमन साम्राज्यात मोडत असे. या नगरात सिप्रियन नावाचा एक धनाढ्य गृहस्थ राहत असे. वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक म्हणून त्याची मोठी ख्याती होती. सुमारे इ. स. २४६ मध्ये, प्रौढ वयात, त्याने ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला व आपली बरीच मालमत्ता विकून गोरगरिबांस वाटली. पुढे दोन-तीन वर्षांतच लोकांच्या आग्रहावरून तो कार्थेजचा बिशप झाला.

इतक्यात संकट ओढवले. इ. स. २५० च्या सुमारास डेशियस बादशहाने फर्मान काढले की, साम्राज्यातील प्रत्येक रहिवाशाने देवतांस बळी अर्पण करावा व तसा दाखला घ्यावा. असे काही दाखले ईजिप्तच्या वाळूत सापडले असून ते आजही वाचावयास मिळतात. कार्थेजच्या मंडळीतील पुष्कळांचे धैर्य खचले. कोणी बळी दिला, कोणी धूप जाळला, तर कोणी लाच देऊन नुसता दाखला मिळविला. थोडे लोक मात्र निष्ठेने तुरुंगात गेले. सिप्रियनास सिंहापुढे टाकावे, असा जमावाने गिल्ला केला. तेव्हा तो नगर सोडून गुप्त स्थळी राहिला. तेथून तो पत्रांच्या द्वारे मंडळीचा कारभार पाहत असे. तथापि मेंढरांना सोडून मेंढपाळ पळाला, असा ठपका त्याच्यावर आलाच.

इ. स. २५१ मध्ये तो परतला, तेव्हा त्याच्यापुढे बिकट प्रश्न उभा होता. पतित झालेले लोक रडत परत येऊ लागले होते. त्यांस प्रभुभोजनास पुन्हा घ्यावे की नाही? काही म्हणत, तत्काळ घ्यावे. रोममधील नोव्हेशियनाचा पक्ष म्हणे, कधीच घेऊ नये. जो स्वतः लपला होता, त्यानेच आता दुसऱ्यांच्या भित्रेपणाचा न्याय करावयाचा होता! सिप्रियनाने आफ्रिकेतील बिशपांची सभा भरविली. केवळ दाखला घेणाऱ्यांस, प्रत्येकाची चौकशी करून, पश्चात्तापानंतर परत घ्यावे. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावे, व मरणसमयी तरी त्यांस मंडळीत घ्यावे, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच, पश्चात्ताप करीत राहिलेल्या सर्वांसाठीच दार उघडण्यात आले. निःशस्त्र माणसास रणांगणावर कसे पाठवावे, हा त्यामागील विचार होता.

याच सुमारास नगरात भयंकर साथ आली. लोक आप्तांसही रस्त्यावर टाकून पळू लागले. सिप्रियनाने मंडळीस शिकविले की, केवळ स्वकीयांचीच नव्हे, तर छळ करणाऱ्यांचीही शुश्रूषा करावी. श्रीमंतांनी द्रव्य दिले, गरिबांनी श्रम दिले. न्युमिडिया प्रांतात लुटारूंनी धरून नेलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींस सोडविण्यासाठी त्याने एक लाख सेस्टर्स नाणी गोळा करून पाठविली.

इ. स. २५७ मध्ये व्हॅलेरियन बादशहाच्या अमदानीत पुन्हा छळ सुरू झाला. सिप्रियनास कुरुबिस गावी हद्दपार करण्यात आले. पुढल्या वर्षी बिशपांस देहान्त शिक्षा देण्याचा हुकूम सुटला. त्यास उटिका शहरी नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तो पुन्हा काही दिवस दडून राहिला. परंतु या वेळी कारण निराळे होते. आपल्या लोकांदेखतच मरण यावे, ही त्याची इच्छा होती. प्रांताधिकारी कार्थेजला येताच तो आपल्या बागेत परतला व तेथेच शिपायांच्या स्वाधीन झाला. १४ सप्टेंबर २५८ रोजी मोठ्या समुदायासमोर त्याचा शिरच्छेद झाला. तत्पूर्वी त्याने मारेकऱ्यास पंचवीस सुवर्णनाणी देण्यास सांगितले.

विद्यार्थिमित्रहो, सिप्रियन एकदा संकटापासून दूर गेला होता, हे त्याने कधी लपविले नाही. म्हणूनच की काय, पडलेल्याची चूक त्याने लहान मानली नाही, आणि उठू पाहणाऱ्यास दूरही लोटले नाही. चुकलेल्या सोबत्याशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्या वर्गात व घरातही नित्य उभा राहतो. त्या वेळी या बिशपाचे स्मरण ठेवावे.