१८ तासांपलीकडचे बाबासाहेब

एप्रिल आला की ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचे कार्यक्रम होतात. चांगलेच आहे. पण दुसऱ्या दिवशी किती वाचले, हे कुणी विचारत नाही. खांबहून नागोठण्याला, धाटावला पाळीवर जाणाऱ्या आपल्या पोरांना तर तो आकडा ऐकूनच धडकी भरते. म्हणून आम्हाला आकड्यापेक्षा बाबासाहेबांची रोजची वेळ मोलाची वाटते.

परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब. उशाला जाते, पायाशी शेळी. अशा गजबजाटात अभ्यास व्हायचा कसा? सुभेदार रामजींनी साधा उपाय काढला. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री २ पर्यंत जागायचे, त्याला उठवायचे आणि मगच आडवे व्हायचे. घड्याळ बापाने सांभाळले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले.

पुढे १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. परत येऊन ते पुरे करायला ४ वर्षांची सवलत होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. आता दिवस फुकट घालवणे परवडणारे नव्हते. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडले की आत, बंद झाले की बाहेर. वेळेचा हिशेब ग्रंथालयाचे दारच ठेवत होते म्हणा ना! रात्री खोलीवर पापडावर भूक भागवून पुन्हा पुस्तके. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., मधल्या काळात बॅरिस्टरी.

आपल्या गावात असे दार नाही. मग साधी वही घ्यावी. नोंदी दोनच: किती वाजता बसलो, किती वाजता उठलो. रात्रपाळीच्या दिवशी अर्धा तास झाला तर अर्धा तास, काहीच नाही तर शून्य. पण ओळ रिकामी सोडायची नाही. मोबाइलमधले रंगीत तक्ते आठवड्यात मागे पडतात, हे आम्ही पाहिले आहे. आणि रामजींचे काम मित्राने करावे. रविवारी विहारात वंदना झाली की वह्या एकमेकांना दाखवाव्यात. अप्पमाद आपण वंदनेत ऐकतो, तो असा वहीत उतरतो.

मधुमेहाने शरीर पोखरले तरी बाबासाहेबांचे लिहिणे थांबले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीत, त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद नानकचंद रत्तू यांच्याकडून मागवून जवळ ठेवून घेतले. सकाळी ते उठले नाहीत.