यंत्र आपणच बनवायचं, आपणच दुरुस्त करायचं: भाभांचा हट्ट खोडदपर्यंत कसा पोहोचला?

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं. तिथून आत वळलं की खोडद. जुन्नर तालुक्यातलं हे गाव जगाच्या नकाशावर आलं ते जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. दुर्बीण उभारली डॉ. गोविंद स्वरूप यांनी. पण तिचं मूळ शोधायला गेलं तर आपण पोहोचतो डॉ. होमी भाभांपर्यंत.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घरच्यांच्या इच्छेखातर ते केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकले, पण जीव रमला भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीला भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलं. मग त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कॉस्मिक किरणांवर काम सुरू केलं.

हे किरण मोजायला लागतात गायगर काउंटर. त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो आणि तो स्थिर असावा लागतो. दाब वरखाली झाला की मोजणी चुकते. हा दाब पुरवतो पॉवर सप्लाय. तो घरातल्या विजेसारख्या एसी प्रवाहाचा सरळ डीसी करतो. कपॅसिटर त्या डीसीमधले चढउतार सपाट करतात. कपॅसिटर जुना होऊन आतून सुकला की एसीची थरथर पुढे झिरपते आणि यंत्र चुकीचं दाखवायला लागतं. म्हणूनच जुनं यंत्र बिघडलं की जाणकार आजही आधी पॉवर सप्लाय तपासतात.

एवढासा भाग बिघडला म्हणून यंत्र परदेशी पाठवायचं? मग प्रयोग महिनोन् महिने ठप्प. युद्धाच्या काळात तर तोही मार्ग नव्हता. ज्याला यंत्र बनवता येतं, त्यालाच ते नीट दुरुस्त करता येतं. भाभांच्या पुढच्या कामात हेच सूत्र दिसतं.

१९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च म्हणजेच टीआयएफआर सुरू झाली. भाभांनी तिथे सिद्धान्ताच्या बरोबरीने इलेक्ट्रॉनिक्सची माणसं घडवली. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं होतं, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं आपल्याच लोकांनी बनवली होती. पाठोपाठ टीआयएफआरमध्ये टिफ्रॅक हा संगणक तयार झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. एवढे व्हॉल्व्ह म्हटल्यावर बिघाड आलेच. पण दुरुस्त करणारे हात तो बनवणाऱ्यांचेच होते.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी भारतात रेडिओ खगोलशास्त्र सुरू करायचा प्रस्ताव पाठवला. त्यात स्वरूपही होते. जानेवारी १९६२ मध्ये भाभांनी होकार कळवला. १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये आले.

ऑस्ट्रेलियाने वापरातून काढलेल्या ३२ छोट्या डिश भारताला भेट दिल्या होत्या. त्या दिल्लीत नुसत्या पडून होत्या. स्वरूप यांच्या गटाने त्या आणल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांच्यापासून दुर्बीण उभी केली. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर आपली एक पिढी हे काम शिकली.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळलं आणि भाभा गेले. वय अवघं ५६. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशात इलेक्ट्रॉनिक्स उद्योग कसा उभारायचा, याचा आराखडा आखला होता. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी सुरू झाली, तीही ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स गटातूनच.

स्वरूप यांचं काम पुढे सरकत राहिलं. १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली आणि नव्वदच्या दशकात खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या. वजन आणि खर्च वाचावा म्हणून त्यांना भरीव पत्र्याऐवजी स्टीलच्या तारांची जाळी लावली. आराखडा इथलाच, बांधणीही इथलीच. खोडद भाभांनी कधी पाहिलं नसेल, पण तिथली डिश बिघडली तर ती उघडणारा माणूस तिथेच असतो. भाभांचा हट्ट होता तो याचसाठी.