1956 ची क्रोम पट्टी 1957 च्या शेवरलेला का बसत नाही? कारण हार्ले अर्ल!

कंपनी तीच, मॉडेल तेच, फरक फक्त एका वर्षाचा. तरी पट्टी बसत नाही. जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचं अर्धं आयुष्य असल्या पट्ट्या आणि बॅज शोधण्यात जातं. या तापामागे एक माणूस आहे, हार्ले अर्ल.

1893 साली हॉलिवूडमध्ये जन्म. वडील घोडागाड्या बांधायचे, पुढे मोटारींच्या बॉडी बनवायला लागले. पोरगं त्यांच्या पुढचं निघालं. टॉम मिक्ससारखे सिनेमातले हिरो त्याच्याकडून गाड्या सजवून घ्यायचे. गाडी कशी दिसेल हे तो आधी मातीचं मॉडेल करून बघायचा. त्या काळात गाडी म्हणजे इंजिनिअरचं काम, दिसण्याचं कोणाला पडलं होतं?

1927 मध्ये त्याने डिझाइन केलेली लासाल आली आणि चालली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने त्याला डेट्रॉइटला आणून वेगळा विभागच काढून दिला. स्लोनचा प्रश्न साधा होता. ज्यांना गाडी हवी होती त्यांच्याकडे ती आलीये, आता नवी खपवायची कशी? तर दरवर्षी गाडी वेगळी दिसली पाहिजे. इंजिन, चासी दरवर्षी बदलणं परवडत नाही. जाळी, दिवे, पट्ट्या बदलणं परवडतं. डोकं स्लोनचं, हात अर्लचा.

अर्लला विमानांचं भारी वेड. पी-38 लढाऊ विमानाची शेपटी बघून 1948 च्या कॅडिलॅकला छोटे पंख फुटले. 1957 च्या बेल एअरवर तर त्या पंखांवर ॲल्युमिनियमचा रेघारेघांचा पत्रा आणि पुढे सोनेरी जाळी. 1958 च्या शेवटी अर्ल निवृत्त झाला, 1969 मध्ये गेला.

आज या बेल एअरचे जवळपास सगळे पार्ट नव्याने बनवून मिळतात, कारण मागणी आहे. ज्या मॉडेलला मागणी नाही त्याचा साचा कोण बनवणार? तिथे भंगारच चाळायचं.

पण पार्ट सहज मिळतात यातच खरी गोम आहे. त्याच वर्षी शेवरलेची 210 नावाची स्वस्त गाडी होती. तिला बेल एअरच्या पट्ट्या लावल्या की लांबून फरक कळत नाही, आणि दोघींच्या किमतीत मात्र चांगलंच अंतर.

म्हणून घेणारा आधी पट्ट्या बघत नाही. तो ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरच्या पट्टीवरचा नंबर वाचतो. सुरुवातीला V असेल तर गाडी आठ सिलिंडरची निघाली, नसेल तर सहाची. 57 हे साल. त्याच्या आधीचं अक्षर C असेल तर बेल एअर. B असेल तर 210, मग अंगावर कितीही सोनं चढवलेलं असो. रंग आणि आतल्या सीटकव्हरचे नंबर बॉनेटखाली फायरवॉलवरच्या पत्र्यावर असतात.