दोऱ्यांचा कॉम्प्युटर

बार्सिलोना म्हटलं की आपल्या होस्टेलवर फुटबॉलशिवाय दुसरं काही कोणाला आठवत नाही. पण मित्रांनो, याच शहरात एक असा आर्किटेक्ट होऊन गेला, ज्याने कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी दोऱ्या आणि शिशाच्या छर्र्यांच्या जोरावर अख्ख्या चर्चचं डिझाइन काढलं. त्याचं नाव अंतोनी गाउदी.

गाउदीचा जन्म २५ जून १८५२ चा, स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतातला. वडील तांबट. सपाट पत्रा ठोकता ठोकता त्याला गोलाई कशी येते, हे पोराने घरातच पाहिलं. लहानपणीच संधिवात जडला, त्यामुळे इतर मुलांसारखं हुंदडणं जमायचं नाही. मग हा बसून झाडं, पानं, शंख बघत राहायचा. १८७८ मध्ये तो बार्सिलोनात आर्किटेक्ट झाला आणि पुढे एउसेबी ग्वेल नावाच्या धनाढ्य कारखानदाराने त्याला एकामागून एक कामं दिली.

ग्वेलने आपल्या कामगार वसाहतीसाठी एक चर्च बांधायचं ठरवलं आणि १८९८ मध्ये ते काम गाउदीकडे आलं. आता दगड-विटांची गंमत आपल्याला ठाऊकच आहे. कॉम्प्रेशन कितीही द्या, झेलतात. टेन्शन आलं की तडकतात. साखळीचं नेमकं उलटं. दोन टोकांना टांगलेल्या साखळीत फक्त टेन्शन असतं. तोच आकार उलटा केला की फक्त कॉम्प्रेशन उरतं, म्हणजे दगडाला हवी तशी कमान तयार! ही गोष्ट रॉबर्ट हूकने १६७५ मध्येच मांडली होती. पण ती एका कमानीपुरती. गाउदीने अख्खं चर्चच उलटं टांगलं.

१:१० स्केलचं मॉडेल. प्रत्येक कमान आणि खांबासाठी दोरी, आणि त्यावर येणाऱ्या लोडच्या प्रमाणात छर्रे भरलेल्या छोट्या पिशव्या. एक पिशवी जड केली की सगळं जाळं हलायचं आणि नव्या समतोलात स्थिरावायचं. गाउदी त्याचे फोटो काढायचा, फोटो उलटा धरायचा आणि त्यावरच रंगवून इमारत कशी दिसेल ते बघायचा. आज आपण ज्याला पॅरामेट्रिक डिझाइन म्हणतो ते वेगळं काय आहे? इनपुट बदला, आकार आपोआप बदलेल. फरक एवढाच, की इथे कॅल्क्युलेशन गुरुत्वाकर्षण करत होतं.

या खटाटोपात जवळजवळ दहा वर्षं गेली. १९०८ मध्ये बांधकाम सुरू झालं, पण १९१४ मध्ये पैसा थांबला आणि फक्त तळघरातला भाग उभा राहिला. त्यातले तिरके खांब आजही बघायला मिळतात.

त्यानंतर गाउदीने स्वतःला पूर्णपणे सग्रादा फामिलिया या चर्चला वाहून घेतलं. ते काम १८८३ पासूनच त्याच्याकडे होतं. आपल्या हयातीत हे पूर्ण होणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने मनमानी वळणं सोडून हायपरबोलॉइड, हायपरबोलिक पॅराबोलॉइड असे नियमात बसणारे आकार निवडले. दिसायला वाकडे, पण सरळ रेषांनी बनलेले. गवंड्याने दोरी ताणली की काम सुरू!

७ जून १९२६ रोजी त्याला ट्रामने धडक दिली. अंगावरच्या साध्या, जुन्या कपड्यांमुळे लोकांना तो भिकारी वाटला आणि उपचाराला उशीर झाला. १० जूनला तो गेला. दहा वर्षांनी, १९३६ च्या यादवी युद्धात त्याचं वर्कशॉप जाळण्यात आलं. ड्रॉइंग्ज राख झाली, प्लास्टरची मॉडेल्स फुटली.

आता खरी गंमत पुढे आहे. ड्रॉइंग्ज गेली, तरी नियम शिल्लक होते. पुढच्या पिढ्यांनी मॉडेल्सचे तुकडे जुळवले. १९९० च्या दशकात मार्क बरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमान बनवणाऱ्यांचं सॉफ्टवेअर त्यासाठी वापरलं. तुकड्यांशी जुळेपर्यंत हायपरबोलॉइडची मापं बदलत राहायची, आणि जुळलं की उरलेला आकार हाती! २०१० मध्ये आतला भाग पूर्ण होऊन तिथे प्रार्थना सुरू झाली.

सॉफ्टवेअरने डिझाइन केलं तर आपली क्रिएटिव्हिटी कुठे राहिली, हा वाद आपल्या कॅन्टीनमध्ये नेहमीचा. गाउदीच्या दोऱ्यांनी आकार दिला हे खरं. पण कुठली दोरी कुठे बांधायची, कुठे किती वजन टांगायचं आणि कोणता आकार चर्चला शोभेल, हे दोरीला विचारून कळलं नसतं. ते गाउदीनेच ठरवलं. तेव्हा पुढच्या प्रोजेक्टला सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण 'रन' दाबायच्या आधी दोऱ्या कुठे बांधायच्या ते आपण ठरवलंय ना, एवढं बघा. आणि कॅटेनरी अजून डोक्यात शिरली नसेल, तर एक साखळी दोन बोटांत धरा आणि खाली आरसा ठेवा.